केतकी, गाडी घसरली तर

डिचोली, गोवा
मृग नक्षत्र

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, "आई, कोलवाळच्या पुढे पाण्यात गाडी जराशी सरकली, पण मी काही केलंच नाही, तिची तीच सरळ झाली." आणि लगेच कामाची पाळी बदलल्याचं सांगायला लागलीस. माझं मन मात्र त्या वाक्यापाशीच राहिलं. तू काही केलं नाहीस म्हणूनच ती सरळ झाली, बाय. हे तुला नीट कळलेलं असलं पाहिजे, कारण पुढच्या वेळी तू घाबरून काहीतरी करशील, आणि ते करू नयेस म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो गं, हो गं" म्हणतेस. कागदावरचं दोनदा वाचता येतं.

आधी पकड म्हणजे काय ते सांगते. मी अकरावी-बारावीच्या मुलांना घर्षण शिकवते, तुलाही शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं शिकलेलं स्टिअरिंगवर बसल्यावर आठवत नाही. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी समज. ब्रेक मारलास तर त्यातूनच खर्च, वळलीस तर त्यातूनच, रेस दिलीस तर तीही त्यातूनच. तिन्हींसाठी वेगळे पैसे नाहीत. कोरड्या डांबरावर हा पगार बरा असतो, पाऊस पडला की जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून जे वळण मे महिन्यात तू ब्रेकवर पाय ठेवूनसुद्धा सहज घ्यायचीस, तेच जूनमध्ये गाडी बाहेर फेकतं. घसरणं म्हणजे ऐपतीपेक्षा जास्त मागणं. त्यावर उपाय एकच: जे जास्त मागितलंस ते परत घ्यायचं. ब्रेक असेल तर ब्रेक सोडायचा, रेस असेल तर रेस सोडायची, स्टिअरिंग जास्त वळवलं असेल तर ते थोडं परत आणायचं. चाक पुन्हा नीट फिरू लागलं की पकड परत येते आणि मग गाडी तुझं ऐकते.

घाबरलेलं शरीर याच्या अगदी उलट करतं. पाय ब्रेकवर रोवले जातात, हात स्टिअरिंग गरकन फिरवतात, आणि डोळे ज्या खांबाला धडकायची भीती वाटते त्याच खांबावर खिळतात.

आता कालचं. सरळ रस्ता, रात्रीची वेळ, वेग ऐंशीच्या आसपास असणार (तू सांगितलं नाहीस, पण मला माहीत आहे), आणि डांबरावर साचलेलं पाणी. टायरच्या नक्षीतल्या खाचा पाणी बाजूला ढकलत असतात. पाणी जास्त झालं किंवा वेग जास्त झाला की ढकलायला वेळ पुरत नाही, पुढच्या चाकाखाली पाण्याची पाचर शिरते आणि टायर डांबर सोडून पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं का गं तुला? इंजिनाचा आवाज उगाच चढला का? तीच खूण. त्या क्षणी ब्रेक मारलास तर तरंगणारी चाकं फिरायची थांबतात. स्टिअरिंग वळवलंस तर काहीच होत नाही, आणि मग पाणी संपून टायर डांबराला टेकतो तेव्हा ती वळलेली चाकं गाडीला झटक्यात त्या बाजूला ओढून नेतात. म्हणून तेव्हा करायचं ते इतकंच: रेसवरून पाय अलगद उचलायचा, ब्रेकला शिवायचं नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचं, आणि थांबायचं. ते एक-दोन सेकंद फार लांब वाटतात. तू काल नकळत हेच केलंस.

तू विमानतळावर काम करतेस म्हणून हेही सांगते. हा अभ्यास पुढे गेला तो विमानांमुळे. भिजलेल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं अशीच पाण्यावर तरंगायची. 1960 च्या दशकात अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात यावर काम झालं, त्यातूनच धावपट्टीवर आडव्या बारीक खाचा पाडायची पद्धत तिकडे रुजली. तिथेच एक ढोबळ सूत्र निघालं: टायर कोणत्या वेगाला तरंगेल हे त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. हिशेब केला तर 32 पीएसआय (पंपावर हवा याच मापात मोजतात) हवा असेल तर ताशी सुमारे 94 किलोमीटर येतात, 20 पीएसआय असेल तर 75. कारच्या टायरला आणि प्रत्येक रस्त्याला ते जसंच्या तसं लागू नाही, घासलेला टायर त्याच्याही आधी तरंगतो. पण एवढं त्यातून घे की हवा कमी म्हणजे धोका लवकर. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असं कोणी पेट्रोल पंपावर सांगेल. ऐकू नकोस. दाराच्या चौकटीवर कंपनीने जो आकडा लिहिलाय तोच ठेव, आणि हवा टायर थंड असताना तपास.

वळणावरचं घसरणं वेगळं असतं. त्यात दोन प्रकार, आणि कोणता चाललाय हे पाठीलाच आधी कळतं.

एक, पुढची चाकं सुटतात. तू स्टिअरिंग वळवतेस आणि गाडी सरळच जात राहते. डिचोलीहून अस्नोड्याकडे येताना रस्त्यावर तांबडी माती वाहून आलेली असते, तिथे हे व्हायची शक्यता जास्त. मन म्हणतं अजून वळव. वळवू नकोस. आधीच पकड नाही, त्यात आणखी मागतेस. रेस सोड, स्टिअरिंग किंचित परत आण, चाकांनी रस्ता धरल्याचं हाताला जाणवलं की हळू पुन्हा वळव. समोर गटार दिसत असताना स्टिअरिंग सैल करणं किती अवघड आहे हे मला कळतं. म्हणून तर आधीपासून डोक्यात पक्कं असायला हवं.

दुसरं, मागची चाकं सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर फिरते. इथे वेळ फार कमी मिळतो. ब्रेकवरचा पाय काढ, रेसवरचा काढ, तुझी गाडी गिअरची आहे तर क्लच दाब, म्हणजे इंजिन चाकांना ओढणारही नाही आणि अडवणारही नाही. मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडे गेला तर डावीकडे. गोंधळ झाला तर दिशा आठवत बसू नकोस, जिथे जायचंय त्या रस्त्याकडे बघ. डोळे जिथे जातात तिथे हात जातात. आणि पुढचं बहुतेक जण विसरतात: शेपटी परत जागेवर यायला लागली की लगेच स्टिअरिंगही सरळ करायचं. ते तसंच वळलेलं राहिलं तर गाडी दुसऱ्या बाजूला त्याहून जोराने फिरते, आणि तो दुसरा हेलकावाच गाडी रस्त्याबाहेर नेतो. हँडब्रेकला मात्र कधीही हात लावायचा नाही. तो मागचीच चाकं जाम करतो.

आता ब्रेकचं. पावसाळ्यात आपल्याकडे गुरं कोरडी जागा शोधत डांबरावर येऊन बसतात, रात्री दिवे अंगावर पडेपर्यंत दिसत नाहीत, तेव्हा जोरात ब्रेक मारायची वेळ येणारच. तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का ते आधी बघ. एप्रिल 2019 पासून आपल्या देशात सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, तुझी सेकंडहँड त्याच्या आधीची आहे, म्हणजे असेलच असं नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून विझला तर आहे आणि ठीक आहे. लागून तसाच राहिला तर ते बिघडलेलं आहे. असेल तर जोरात दाबायचं आणि दाबून ठेवायचं. पायाखाली पेडल थडथडतं, खडखड आवाज येतो, त्याला घाबरून पाय उचलू नकोस, तेच त्याचं काम. चाकं जाम होत नाहीत म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही बाजूने गाडी काढता येते. एबीएस नसेल तर चाकं जाम झाल्याचं कळताच ब्रेक सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. पण एबीएस पकड निर्माण करत नाही, असलेली नीट वापरतं. पाण्यावर तरंगणाऱ्या टायरला त्याचाही उपयोग नाही.

आकडे सांगते, कारण तुझा आकड्यांवर विश्वास आहे. ताशी 60 ने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे 20 मीटरवर थांबते, ओल्या रस्त्यावर 35. ताशी 80 ला तेच 36 आणि 63. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धर, 80 ला त्यात आणखी 22 मीटर जातात. म्हणजे 85 मीटर. तुझ्या गाडीचे दिवे डिप असताना इतक्या लांबचं काळं जनावर दिसत नाही. म्हणून पावसाळी रात्री राष्ट्रीय महामार्गावरसुद्धा साठाच्या आत, आणि पाणी साचलेलं दिसलं की त्याच्याही खाली. मागून कोणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, बाजूला होऊन वाट दे. पुढची गाडी खांबाशी गेली की "एक हजार एक" पासून मोजायचं, "एक हजार चार" म्हणायच्या आत तू तिथे पोचलीस तर जवळ आहेस.

पहिल्या सरींचा अर्धा तास सगळ्यात वाईट. उन्हाळाभर डांबरावर साठलेलं तेल, टायरचं रबर आणि आपल्याकडची तांबडी धूळ पहिल्या पाण्याने वर येते. मुसळधार पडून ते धुऊन गेलं की रस्ता उलट बरा होतो. पुलांवरचे लोखंडी सांधे आणि रस्त्यावरचे पांढरे रंगवलेले पट्टे ओले असताना तिथे ब्रेक मारू नकोस, वळूही नकोस. चतुर्थीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराला जाणाऱ्या गर्दीत तर वेगाचा प्रश्नच येत नाही, पण तेव्हाही अंतर ठेव.

बेळगावला मावशीकडे चोर्ला घाटातून जाशील. जाताना नव्हे, येताना जपायचं. केरीपर्यंत उतार, धुकं, वळणावर वाहतं पाणी. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात नाही. खालच्या गिअरमध्ये उतर, पण गिअर खाली टाकताना क्लच हळू सोड, नाहीतर ओल्या रस्त्यावर तोच झटका पुढच्या चाकांना सोडवतो.

खरं सांगायचं तर मला घसरलेली गाडी सावरण्यापेक्षा टायरची जास्त काळजी वाटते. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेत बघितलंस तर तळाशी रबराच्या छोट्या आडव्या गाठी दिसतील, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आपल्या पावसाला तेवढ्यावर थांबू नये, 3 मिलिमीटरलाच बदल. टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंकी आकडा असतो, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असूनही जुनं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्यावर धरत नाही, सेकंडहँड गाडीत हे हमखास सापडतं. आणि दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे मागे बसवायला सांग. गॅरेजवाला म्हणेल, ओढणारी चाकं पुढची आहेत, नवे पुढेच हवेत. त्याला शांतपणे सांग की पुढची चाकं सुटली तर पाय उचलून सावरता येतं, मागची सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून जास्त पकड मागे हवी. नाहीच ऐकलं तर बाबांना फोन लावून दे.

या रविवारी घरी येशील तेव्हा बाबा तुला मैदानावर नेणार आहेत. आम्ही ठरवलंय. ओलं, मोकळं, आजूबाजूला काही नाही अशी जागा, ताशी तीसचा वेग, आणि पूर्ण ताकदीने ब्रेक. एबीएसचं ते थडथडणं एकदा पायाला कळू दे. एबीएस नसेल तर चाकं जाम झाल्यावर गाडी कशी सरळ सरकत जाते आणि ब्रेक सोडताच कशी वळते, ते बघ. वाचून हे पायात उतरत नाही.

तोपर्यंत आज रात्री पाळीला निघायच्या आधी चारही टायरच्या त्या चार अंकांचे फोटो मला पाठव. एखादा आकडा आतल्या बाजूला आला असेल तर मोबाइलचा टॉर्च धरून खाली वाक. स्टेपनीचाही पाठव.

तुझी,
आई