रिपोर्टचे फोटो पाठवा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवाच्या रविवारी आम्ही व्हिटबीला जाऊन आलो. लीड्सहून गाडीने दीड-दोन तासांवर, समुद्राकाठी. गावातून १९९ पायऱ्या चढून गेलं की वर सेंट मेरीचं चर्च आणि त्यामागे पडक्या मठाच्या कमानी. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर १८९० साली या गावी येऊन राहिला होता. त्याच्या आधी पाच वर्षं 'दिमित्री' नावाचं एक रशियन जहाज इथल्या किनाऱ्याला लागून फुटलं होतं. ती हकीकत त्याला इथे मिळाली आणि त्याच्या कादंबरीत ते 'डेमेटर' झालं. आई, तुला तो कप्तान आठवत असेल. सुकाणूला हात बांधून घेतलेला, हातात क्रूस, तसाच मेलेला, आणि जहाजावर एकही जिवंत माणूस नाही. वर चर्चच्या आवारात वाऱ्याने झिजलेल्या थडग्यांमधून चालताना मी सहावीतलीच होते.

'ड्रॅक्युला'चा तो अनुवाद वाचनालयातून मीच आणला होता. पहिले दोन दिवस नुसती मजा वाटली. मग ते पान आलं: किल्ल्यात पाहुणा म्हणून आलेला हार्कर खिडकीतून खाली बघतो आणि काउंट ड्रॅक्युला किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून उतरताना दिसतो, सरड्या-पालीसारखा. वाड्यातल्या आपल्या माजघरात ट्यूबलाइटच्या मागे कायम एक पाल असायची. त्या दिवसापासून ती भिंतीवर दिसली की मला घाम फुटायचा. परसातल्या संडासला रात्री एकटीने जाणं बंदच झालं. बाबा, तुम्ही बॅटरी घेऊन यायचात आणि बाहेर उभे राहून मोठ्याने हिशेब म्हणत बसायचात, तुम्ही तिथेच आहात हे मला कळावं म्हणून. एकदाही हसला नाहीत. 'एवढी घोडी झालीस' असं कधी म्हणाला नाहीत.

पोरीच्या हातात असलं पुस्तक कशाला देता, असं घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस बोललं. पण आई, तू ते परत केलं नाहीस. दुपारी भांडी आवरल्यावर तूच वाचायला घेतलंस, माझी खूण न हलवता. आणि माझ्या पुढे गेलीस.

ल्यूसीच्या आईवरून आपलं झालेलं बोलणं मला अजून पाठ आहे. काउंट रक्त प्यायला येऊ नये म्हणून ल्यूसीच्या खोलीत डॉक्टरांनी लसणाच्या फुलांच्या माळा लावलेल्या असतात. तिची आई येते, खोली कोंदट वाटते म्हणून फुलं उचलते, खिडकी उघडते, आणि सकाळी अभिमानाने तसं सांगते. मी त्या बाईवर भयंकर चिडले होते. तू ओट्यापाशी मेथी निवडत होतीस. म्हणालीस, "तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

खरंच होतं ते. तिचं हृदय अधू म्हणून सगळ्यांनी तिच्यापासून लपवलेलं असतं. मोठेपणी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की पुढे हार्करच्या बायकोचं, मीनाचंही तेच होतं. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा तीच टाइप करून नीट लावते, काउंटचा माग त्यातूनच लागतो. आणि मग ते भले पुरुष ठरवतात की तिला त्रास नको, तिला यापुढे काही सांगायचं नाही. काउंट नेमका त्याच दिवसांत तिच्यापर्यंत पोचतो. सगळे मायेनेच वागतात हो, कुणाच्याच मनात वाईट नसतं. आणि प्रत्येक वेळी तिथूनच तो आत शिरतो. पुढे ते मीनापासून काही लपवायचं नाही असं ठरवतात, तेव्हाच त्यांचं पारडं जड व्हायला लागतं. मला ही कादंबरी एवढी प्रिय आहे ती रक्ताच्या प्रसंगांसाठी नाही, यासाठी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांना जिन्यात धाप लागली, टूडी इको झाली, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला मावशीच्या बोलण्यातून कळलं. त्या दोन्ही दिवशी आपण फोनवर बोललो होतो. आई, तू मला पावसाचं सांगितलंस, कृष्णेला पाणी किती चढलंय ते सांगितलंस. मला काळजी नको म्हणून, हे मला कळतं. पण इतक्या लांब बसून माझ्या हाती फक्त माहिती असते. तीच नसेल तर मी तुमच्या कशाच्याच उपयोगाची नाही.

घाबरणं मला जमतं. तुम्हीच शिकवलंत.

तेव्हा इकोचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पाकिटाची नाव असलेली बाजू यायला हवी. शनिवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा दोघंही समोर बसा. अँजिओग्राफी करायची म्हणत असतील तर तारीख नक्की करण्याआधी मला सांगा, मी रजा टाकून येते.

तुमची,
मनी