पडेल तिथेच पाणी मुरवू या: वस्तीतल्या पाऊसबागांसाठी मदतीचं आवाहन

वस्तीतल्या सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात सखल गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा समितीतले आम्ही काही जण तळमजल्यावरच्या एका घरात सामान हलवायला गेलो होतो. घरातल्या आजी शिलाई मशीनकडे बोट दाखवून सारख्या म्हणत होत्या, "आधी हे उचला." ते पलंगावर ठेवेपर्यंत पाणी घोट्याच्या वर गेलं होतं. भिंतीवरची मातकट रेघ रंग दिल्यावरही पुन्हा दिसायला लागली आहे.

गटारं साफ नसतात म्हणून पाणी तुंबतं, असं आपण दर वेळी म्हणतो. त्या वेळी गटारं साफ होती. तरीही पाणी भरलं, कारण सगळीकडचं पाणी एकाच वेळी गटाराकडे धावलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर. अशा वीस गच्च्यांचं झालं एक लाख लिटर, आणि यात रस्ते, पार्किंग, फरशी घातलेली अंगणं धरलेलीच नाहीत. मोकळ्या मातीत यातलं बरंच मुरलं असतं. आपण मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नेलं आहे.

समितीने ठरवलं आहे की गच्च्यांचं पाणी गटारात जाण्याआधी वाटेत अडवायचं. त्यासाठी पाऊसबागा करायच्या. पाऊसबाग म्हणजे वीतभर खोल, पसरट खळगा. त्यात वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली भुसभुशीत माती, वर खोल मुळांची झुडपं आणि गवत. गच्चीचा पाइप तिकडे वळवायचा. खळगा भरला की जादा पाणी नेहमीच्या गटारात जाईल. इमारतीच्या पायाला ओल लागू नये म्हणून भिंतीपासून निदान तीन मीटर अंतर ठेवणार आहोत.

आधी आम्ही आवाराच्या कोपऱ्यात करून पाहिलं. पेव्हर ब्लॉक काढले, फूटभर खड्डा केला, पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच! खालची माती वर्षानुवर्षं दबून दगडासारखी झाली होती. मग दोन फूट खोल उकरून वाळू-कंपोस्ट मिसळलं, तेव्हा सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत जिरलं. यातली खरी मेहनत उकरण्याची आहे, रोपं लावणं त्यामानाने सोपं.

डासांची शंका बऱ्याच जणांनी विचारली आणि ती रास्त आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. नीट केलेल्या पाऊसबागेत पाणी एक-दोन दिवसांत मुरतं. कुठे त्याहून जास्त थांबलं, तर ती जागा आम्ही पुन्हा उकरू.

ढगफुटीसारख्या पावसाला एवढ्याने पुरं पडणार नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी त्या शहराने अशा पावसासाठी आराखडा केला. त्यात नुसते मोठे पाइप नाहीत, पाणी साठवणारी उद्यानं आणि चौकही आहेत. तेवढं आपल्या हातात नाही. पण नेहमीच्या जोरदार सरींचं पाणी थोडं अडलं आणि थोडं उशिरा गटारात पोचलं, तरी आजींच्या उंबऱ्यापाशी ते थांबू शकतं.

म्हणून तुमची मदत हवी आहे. सगळ्यात आधी जागा: सोसायटीच्या आवारातला, पार्किंगच्या कडेचा, चार पावलांचा तुकडासुद्धा चालेल. खोदायला हात हवेत. वाळू, कंपोस्ट, रोपं, पाइपचे तुकडे, जे शक्य असेल ते द्या. पैशाच्या रूपाने देणाऱ्यांना पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला सूचनाफलकावर लागेल. आणि एक विनंती विशेष कळकळीची आहे. प्रत्येक पाऊसबागेसाठी शेजारच्या दोन घरांनी जबाबदारी घ्यावी. पाइपच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा आणि गाळ पावसाळ्यात दर आठवड्याला काढावा लागतो. तो राहिला की माती बुजते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पहिली पाऊसबाग सखल गल्लीच्या वरच्या तोंडाशी होईल, कारण तिथूनच पाणी आत शिरतं. रविवारी सकाळी सातला काम सुरू करू. घरात फावडं-कुदळ असेल तर घेऊन या, नसेल तर तसेच या.

आपली,
वस्ती समिती