घाटघरलाच राहायचं, सुलू

ठाणे,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलू,

परवा घाटघरहून फोन आला. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मधे मधे बोलतेस आणि मला सगळं एका दमात सांगायचंय, म्हणून कागद घेतला. आम्ही ठीक. माझी साखर आटोक्यात, ह्यांचं बीपी गोळीवर. झालं.

आपण ज्यांच्या पडवीत मुक्काम करायचो त्या मावशींचा नातू बोलत होता. आपण शेवटचं गेलो तेव्हा पडवीत रांगत होता ना, तोच. जुन्नरला कॉलेज करून परत गावात आलाय आणि घराला लागून दोन खोल्या बांधल्यात. मुंबईची माणसं मुक्कामाचे माणशी किती देतात, कमोड बसवू की देशीच ठेवू, गिझर लागतो का, हे विचारायचं होतं त्याला. नंबर कुठून मिळाला म्हटलं, तर मीटरच्या बोर्डाखाली पेन्सिलीने लिहिलेला होता. तुझंच अक्षर असणार ते, मी भिंतीवर लिहिणाऱ्यांतली नाही.

मग मावशी आल्या फोनवर. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून बोलत होत्या. माझी चौकशी एका वाक्यात उरकली आणि पुढे, "ती उंच पोरगी कशी हाय? कळशी पाडणारी?" सुलू, त्यांना तुझं नाव आठवत नाही, माझंही नसावं, पण विहिरीत गेलेली कळशी आठवते. ती काढायला कोणाकोणाला गळ घेऊन उतरावं लागलं हेसुद्धा सांगितलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मग म्हणाल्या, "डिसेंबरात येता ना गं?" मी हो म्हटलं.

आणि इथेच सगळं अडलंय. कारण त्याच्या आदल्या रविवारी पक्याकडे आपल्या ग्रुपच्या डिसेंबरातल्या किल्ल्यांच्या सहलीची बैठक झाली होती, घोडबंदर रोडच्या त्या नव्या घरी. कापूरबावडीच्या पुढे मेट्रोच्या खांबांखाली इतका वेळ अडकले की पोचेपर्यंत निम्मं ठरून गेलेलं होतं. माळशेजच्या रस्त्यावरचं एक रिसॉर्ट. खोल्यांना एसी, पोहायचा तलाव, सकाळी नाश्त्याचा बुफे, तिथून रोज गाडीने एकेक किल्ला. शरूने फोटो दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घाटघरचं नाव काढलं तेव्हा मोठ्या जोश्यांनी 'अजून तिथेच का' असं विचारलं. वाईट भावनेने नाही विचारलं, पण मला लागलं.

त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. अन्याचं मला खरंच पटतं. त्याला स्टेंट बसवून फार दिवस झालेले नाहीत, आणि घाटघरहून रात्री काही झालं तर जुन्नरपर्यंत तासभर गाडी. पेट्रोल पंप जुन्नरला, एटीएम जुन्नरला, औषधाचं दुकान जुन्नरला. मोबाइलची रेंज गावात कधी असते, कधी नसते. डिसेंबरातली थंडी तर तुला ठाऊकच आहे. त्यावर माझं म्हणणं एवढंच की गाडी दाराशी उभी ठेवायची, ड्रायव्हर मुक्कामाला ठेवायचा, आणि अन्याने जीवधन किल्ला चढायचाच नाही. तो कातळटप्पा त्याच्यासाठी नाहीच, तो रिसॉर्टवर राहिला काय आणि घाटघरला राहिला काय. त्याने नाणेघाटात लेण्याच्या दारात बसावं, गाडी तिथवर जाते.

पण पोहायचा तलाव? सुलू, आपण ठाण्याची माणसं. पाणी बघायचं तर तलावपाळी आहे. तीन रात्री त्या डोंगरांत काढायच्या आणि त्यातला दुपारचा वेळ क्लोरीनच्या पाण्यात घालवायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

मला त्यांना नीट सांगता आलं नाही ते तुला सांगते. जीवधन तिथे का उभा आहे हे घाटघरच्या अंगणात उभं राहिल्यावर कळतं. मागे कडा, खाली सगळं कोकण, आणि घाटाच्या अगदी तोंडाशी तो. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल सातवाहनांच्या काळापासून नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात जायचा. त्या वाटेवर पुढे आधी जीवधन, मग चावंड, अंगाला हडसर, आणि शेवटी जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. घाट चढून आलेल्या माणसाला ज्या क्रमाने हे डोंगर दिसायचे त्या क्रमाने बघायचे असतील तर झोपायला घाटमाथ्यावरच हवं. रिसॉर्टवरून निघालं की रोज वळसा घालून जुन्नरवरून आत यायचं, म्हणजे शेवटून पहिल्याकडे. शिवाय ऊन चढलेलं. आणि संध्याकाळी पाचला सगळे घड्याळं बघायला लागणार, कारण रात्रीचं जेवण साडेआठपर्यंतच. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव संध्याकाळी पाचनंतरच खरं आपलं होतं, आठवतं ना? गुरं परत यायची, भाताच्या पेंढ्याचा वास, आणि जीवधनावरचं ऊन खालून वर सरकत जायचं. मावशी परातीत भाकरी थापायच्या त्याचा आवाज पडवीपर्यंत यायचा, आणि पाण्याचा हात फिरवलेली ती भाकरी तव्यावर उलटली की आपण दोघी नकळत पुढे सरकायचो. पैसे हातात घेत नाहीत म्हणून तू तांदळाच्या डब्याखाली ठेवून यायचीस.

आता नातू दर लावणार आहे ह्याचा मला मनापासून आनंद आहे. त्याला मी सांगितलं, एक कमोड बसव आणि एक देशी राहू दे, आपले गुडघे आता ऐकत नाहीत. गिझरचा खर्च करू नकोस, चुलीवरचं पाणी पुरे. गाद्या मात्र जाड घे, पांघरुणं माणशी दोन. जेवणाची माणसं आदल्या दिवशी कळवायला सांग, आणि शहरासारखं पनीर करू नकोस. आणि दर कमी ठेवू नकोस.

जुन्नर गावात राहावं हे तुझं जुनं मत. ते भांडण मी विसरलेली नाही. स्टँडजवळचं लॉज, गरम पाणी, समोर मिसळ, तू अडूनच बसलीस. मग एसटी उशिरा आली, चावंडच्या पायथ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, आणि तू त्या कातळातल्या पायऱ्यांवर बसून 'मी इथूनच परत जाते' म्हणालीस. परतताना आपटाळ्यापर्यंत आपण एकमेकींशी बोललो नव्हतो. पण खरं सांगू, त्या दिवशी तू बसलीस म्हणूनच मी त्या पायऱ्या नीट बघितल्या. इंग्रजांनी १८१८ साली किल्ला घेतल्यावर सुरुंग लावून वाट फोडली, तरी उरलेल्या पायऱ्यांवरच्या छिन्नीच्या खुणा मोजता येतात. मधेच ती तोफेची नळी उभी पुरलेली, हात धरून वर चढायला. आता तिथे रेलिंग आहे म्हणतात. वरची सप्तमातृकांची सात टाकी बघायला तू शेवटी आलीसच, आणि सगळ्यांत जास्त वेळ तूच बसलीस.

शिवनेरी शेवटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर. जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे, म्हणजे गर्दी वाढलेली असणार. सकाळी लवकर जाऊ, शिवाईचं दर्शन घेऊ, १६३० सालच्या त्या खोलीपाशी डोकं टेकवू. जुन्नरच्या बाकी किल्ल्यांतला एकही त्या यादीत नाही. मला त्याचं दुःख नाही, चावंडावर तेवढीच शांतता राहील.

एक गोष्ट मात्र मला नातू झाल्यापासून सारखी टोचते. चावंडावर १५९४ साली बहादूर निजामशहाला कैदेत ठेवलं होतं, लहान मूल होता. जीवधनावर अडकलेला निजामशाहीचा शेवटचा वारस मुर्तझाही लहानच, त्याला शहाजीराजांनी सोडवलं आणि १६३३ मध्ये पेमगिरीला गादीवर बसवलं. वीस-पंचविशीत आपण हे सगळं तारखांसारखं पाठ म्हणत होतो. आता मला त्या कोठीचा दरवाजा दिसतो आणि त्या पोराला रात्री कोण जवळ घेत असेल हे मनात येतं. हे मी पक्याकडे बोलले असते तर सगळे गप्प झाले असते. तू गप्प होणार नाहीस, म्हणून लिहिलं.

माझा बेत असा. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी धरून वैशाखऱ्याला उतरायचं आणि नाणेघाट पायी चढायचा, जसे लोक दोन हजार वर्षं चढले तसा. बाकीचे गाडीने जुन्नरवरून वर येतील, सामान त्यांच्याबरोबर. घाटाच्या तोंडाशी, सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेल्या लेण्यापाशी, त्या दगडी रांजणाजवळ सगळे भेटायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे जीवधन, गावातला एक माणूस आणि दोर बरोबर घेऊनच, आणि वर खड्या पारशाच्या सुळक्यासमोर तू जिथे डबा उघडला होतास तिथेच डबा उघडायचा. उतरताना कल्याण दरवाजा नको. तिथलं भांडण पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी चावंड आणि जमल्यास पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ, हडसर ज्याला हवा त्याने. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, बिबट्यांचं जुन्नर तालुक्यात फार झालंय.

चावंडवाडीचाही विचार केला मी, खोटं कशाला बोलू. मध्यावर पडते, जुन्नरही जवळ, अन्याच्या दृष्टीने बरी. मावशींना हो म्हटलं नसतं तर कदाचित तिथेच गेले असते. पण आता चावंडवाडीत झोपून दिवसा घाटघरहून गाडीने पुढे जायचं, त्यांच्या दारावरून, ते मला जमणार नाही. आणि थांबून चहा घेऊन निघून जायचं हे त्याहून वाईट.

तुझं काय चाललंय? मुक्ताचं ठरलं का? मुलगा पुण्याचा असेल तर फार ताणू नकोस, पुणं वाईट नाही. सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे शरूकडून कळलं, त्यांना माझा नमस्कार सांग. संत्री पाठवू नकोस, घेऊन ये.

रिसॉर्टचा ॲडव्हान्स येत्या रविवारी भरायचाय. मी एकटी बोलले तर हट्ट वाटतो, आणि शरू माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. ग्रुपवर फक्त 'मी घाटघरला राहणार' एवढं लिही. कारण देऊ नकोस, कारण दिलंस की जोशी वाद घालतील. अन्याशी मी वेगळं बोलते, त्याच्या डॉक्टरांना विचारूनच. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आजच काढ, डिसेंबरात मिळत नाही. कल्याणला उतर, ठाण्यापर्यंत येऊ नकोस, मी स्टेशनवर असेन.

पत्राचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतेय, कागद स्पीड पोस्टाने येईल.

तुझी,
नंदा

ता. क. बुटांचे तळवे बघून घे. आणि मावशींसाठी काय न्यायचं ते तू सुचव, मला एक पितळी कळशी न्यावीशी वाटतेय.