फोटोखाली सहा नावं हवी होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघावर अर्धं पान लेख आला. वर 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचा फोटो, आणि खाली मजकुराचा एकंदर सूर असा की प्रशिक्षकानं पोरींना झोडपून काढलं म्हणून सोनं मिळालं. आपल्याकडे असा खमक्या माणूस कधी मिळणार? हिरोबुमी दाइमात्सु हे त्या प्रशिक्षकाचं नाव लेखात अकरा वेळा आहे. मी पेन्सिलीनं खुणा करत मोजलं. त्या संघाच्या कर्णधाराचं नाव एकदाही नाही.

31 वर्षं शाळेत खेळ शिकवून मी निवृत्त झाले. आमच्याकडे अजूनही 'हॉलीबॉल'च म्हणतात आणि फक्की मारून मैदान आखतात. ही जपानी गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती पोरींच्या अंगावर कशी उतरते तेही पाहिलं आहे. 1986 च्या दिवाळीच्या सुट्टीत एका शिबिराला माझ्या मुली घेऊन गेले होते. तिथल्या सरांनी कुठंतरी वाचलेलं, की जपानी मुली जमिनीवर झेपावून चेंडू उचलतात. मैदान मुरमाचं. सर दोन्ही बाजूंना चेंडू फेकायचे आणि पोरींनी झेपा टाकायच्या. नववीतल्या एका मुलीचं कोपर सोललं, त्यात खडे रुतले. ती रडायला लागली तर म्हणाले, "जपानी पोरी रडत नाहीत." रात्री मी कंदिलाच्या उजेडात चिमट्यानं ते खडे काढले. मी तेव्हा नवी होते, सरांना काही बोलले नाही. ते आजही टोचतं.

त्या सरांना ठाऊक नव्हतं ते तुमच्या लेखकालाही ठाऊक नसावं. जपान्यांची ती झेप म्हणजे नुसतं पडणं नव्हे. चेंडूखाली हात घालायचा, त्याच ओघात खांद्यावरून कोलांटी घ्यायची आणि पुन्हा पायांवर उभं राहायचं. कितीही ढकलली तरी ताठ उभी राहणारी बाहुली असते ना, तिच्यावरून ही युक्ती सुचली असं सांगतात. सगळी मेख त्या उठण्यात आहे. पडलेली खेळाडू पुढच्या चेंडूला कामाची नसते. गुंडाळून उठलेली असते. तेव्हाच्या नियमात सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळं चेंडू जमिनीला लागू न देणाऱ्या संघापुढं उंच, दणकट संघही दमायचे. आमच्या सरांनी पोरींना पडायला लावलं. उठायचं कसं, ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

आता त्या संघाविषयी. ओसाकाजवळ काइझुका इथं निचिबो कंपनीची सूतगिरणी होती, तिथल्या या मुली. आपल्याकडे गिरण्यांचे कबड्डी संघ असायचे तसाच प्रकार. सकाळी आठला कामावर जायचं, दुपारी सुटलं की सराव, तो थेट मध्यरात्रीपर्यंत. जपानात तोवर नऊ-नऊ जणींचा खेळ चालायचा, जगात सहा जणींचा. ते बदलून घेऊन 1960 च्या जागतिक स्पर्धेत जपाननं रौप्य मिळवलं. 1961 मध्ये युरोपचा दौरा एकही सामना न हरता संपवला. सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्यांना 'पूर्वेच्या चेटकिणी' म्हटलं ते या दौऱ्यानंतर. (पुरुष संघ असा जिंकला असता तर 'जादूगार' म्हटलं असतं, पण ते असो.) 1962 मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या घरात, त्यांनी जागतिक विजेतेपद घेतलं.

आणि इथं थांबायला हवं, कारण तुमच्या लेखातून नेमकं हेच निसटलं आहे. मॉस्कोनंतर हा संघ थांबणार होता. दाइमात्सु थांबणार होते. कर्णधार मासाए कासाई एकोणतीस वर्षांची होती. त्या काळच्या जपानात या वयाला लग्न न झालेल्या मुलीकडे लोक कसं बघायचे, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायला नको. पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल येणार होतं, बायकांना ऑलिम्पिकमध्ये मिळालेला हा पहिला सांघिक चेंडूखेळ. लोकांची हजारो पत्रं आली. मुलींनी आपापसात विचार केला आणि खेळायचं ठरवलं. पुढं मुलाखतींतून या बायका हेच सांगत राहिल्या, की आम्ही आमच्यासाठी खेळलो.

दाइमात्सु कठोर होते, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या इंफाळच्या लढाईतून जिवंत परतलेला माणूस तो. आपल्या मणिपूरच्या डोंगरात जपानी सैन्याची अन्नावाचून काय दशा झाली ते इतिहासात आहे. लोक त्यांना 'राक्षस' म्हणायचे. त्यांच्या काही पद्धती आज कुणी वापरल्या तर मी स्वतः पोलिसांत जाईन. पण ते डोक्यानं शिकवणारे होते, आणि त्यांच्यासमोर पगारी, सज्ञान, स्वतःच्या मनानं खेळत राहिलेल्या बायका होत्या. शिबिराला आलेली नववीतली पोर नव्हती.

23 ऑक्टोबर 1964 ला अंतिम सामना झाला. कोमाझावा क्रीडासंकुलात त्याच दिवशी भारतानं पाकिस्तानला 1-0 हरवून हॉकीचं सोनं परत आणलं होतं. आमच्या वडिलांच्या पिढीला ते बरोबर आठवतं, शेजारच्या सभागृहातलं आठवत नाही. तिथं जपाननं सोव्हिएत संघाचे पहिले दोन सेट 15-11, 15-8 घेतले होते. तिसऱ्यात 14 वर जाऊन जपान अडकला. एक गुण मिळेना, आणि सोव्हिएत मुली एकेक करत 13 पर्यंत आल्या. शेवटचा गुण स्मॅशवर आलाच नाही. सोव्हिएत खेळाडूचा हात जाळ्यापलीकडे गेला, पंचांनी शिट्टी मारली आणि संपलं. टोकियो भागात 66.8 टक्के घरांत हा सामना टीव्हीवर चालू होता.

'दाइमात्सु गेले आणि जपान संपला' हे तुमच्या लेखातलं वाक्य तर साफ चूक आहे. 1967 मध्ये जागतिक विजेतेपद (पूर्व युरोपचे संघ आले नव्हते, हे खरं). 1968 आणि 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य, दोन्ही वेळा सोव्हिएत संघाकडून हार. 1974 ला पुन्हा जगज्जेते. 1976 ला माँट्रियलमध्ये एकही सेट न गमावता सोनं. अंतिम सामन्यातला शेवटचा सेट 15-2! सोव्हिएत संघाविरुद्ध पंधरा-दोन. प्रशिक्षक वेगळे, मुली वेगळ्या. मग 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार, 1984 ला कांस्य आणि नंतर खरी उतरण, इतकी की 2000 मध्ये सिडनीची पात्रताही हुकली. चीन पुढं गेला होता. तिथल्या खेळाडूंनाही 1965 मध्ये दाइमात्सु महिनाभर शिकवून आले होते, ही एक गंमत.

2012 ला लंडनमध्ये 28 वर्षांनी कांस्य आलं ते पाहा. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी, योशिए ताकेशिता 159 सेंटिमीटर उंच. आमच्या शाळेच्या संघात तिच्याहून उंच पोरी होत्या. प्रशिक्षक मानाबे हातात टॅब घेऊन आकडे बघत उभे. 2024 च्या नेशन्स लीगमध्ये याच संघानं रौप्य घेतलं. आपला महिला संघ अजून एकाही ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही, आणि त्याचं कारण छडी कमी पडली हे असेल असं मला वाटत नाही. माझ्या तालुक्यात लाकडी तळ असलेलं एकही सभागृह मी सेवेत असेपर्यंत नव्हतं.

कासाईबद्दल एवढं सांगते. ऑलिम्पिकनंतर पंतप्रधान सातो यांच्याशी भेट झाली तेव्हा ती म्हणाली, खेळण्यात लग्नाचं राहूनच गेलं. पंतप्रधानांनी स्वतः स्थळ सुचवलं आणि लग्नाला हजरही राहिले.

तुमच्या फोटोत मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आहेत आणि खाली फक्त 'दाइमात्सुंच्या शिष्या' असं लिहिलं आहे. तो फोटो पुन्हा कधी छापलात तर त्याखाली अंतिम सामन्यातली ही नावं द्यावीत, ही विनंती: मासाए कासाई, एमिको मियामोतो, किनुको तानिदा, युरिको हान्दा, योशिको मात्सुमुरा, सादा इसोबे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
ता. वाळवा, जि. सांगली