आजीचा पदर आणि सात महिने

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, अक्षरं मुद्दाम मोठी काढते आहे. तरी डावा डोळा ताणून वाचू नका, आईकडून वाचून घ्या. आणि आई, मधलं काही गाळायचं नाही. दादाच्या त्या पत्राच्या वेळी तू अख्खं एक पान गिळलं होतंस, मला माहीत आहे.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई एकदम गप्प होते आणि मग मी काहीही कबूल करून मोकळी होते. म्हणून हा कागद. सांगूनच टाकते. पोळ्याच्या आधी मी मॉरिशसला जाते आहे, सात महिन्यांसाठी. शिवरात्र तिकडे करून मार्चमध्ये परत. विचारत नाहीये, कारण होकार कळवून झालाय आणि तिकीटही काढलंय. आधी विचारायला हवं होतं, हेही कळतं.

म्हणजे यंदा महालक्ष्म्यांना मी नाही, दिवाळीला नाही, आणि बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही नाही. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही पोटात घालाल. तिसरी माझ्याच घशाखाली उतरत नाही.

पैसे बरे आहेत. लग्नाच्या दोन सीझनमध्ये मिळतात त्याहून जास्त, शिवाय राहणं-खाणं त्यांचंच. विहिरीच्या मोटारीचं जे राहिलंय ते एका हप्त्यात फिटेल. काम तिथल्या मराठी घरांचे फोटो काढायचं आहे. तुम्ही म्हणाल, मराठी घरं काय इथे कमी आहेत? बरोबर आहे. तरी सगळं ऐकून घ्या.

मागच्या वर्षी पंधरा दिवस गेले होते, तेव्हा पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर, म्हणजे इथून गेलेले मजूर उतरायचे त्या धक्क्यावर, एक आजोबा भेटले. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘ॲटलस’ जहाजातून करारावरच्या मजुरांपैकी पहिली ३६ माणसं त्या बेटावर आली, कलकत्त्याकडून. (३६ म्हणजे आमच्या जुन्या फिल्मच्या एका रोलाइतकी. माझ्या डोक्यात असलंच काहीतरी येतं.) पुढे उसाच्या कामाला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यात कोकणातली आपलीही. १८६० च्या दशकात सरकारने त्या मजुरांचे फोटो काढायला सुरुवात केली. हौस म्हणून नाही, मळ्यातून कोणी पळाला तर ओळखता यावा म्हणून. ते फोटो आणि रजिस्टरं आता मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. लोक तिथे जाऊन आपला पणजोबा शोधतात.

या आजोबांना त्यांचा सापडला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याची प्रत काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. गालफडं बसलेली, नजर अशी की फोटोवाल्याला आता चावेल. गावाचं नाव कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत खरडलेलं. आजोबा अर्धं क्रिओल (ती तिकडची बोली), अर्धं मराठी बोलत होते. म्हणाले, हे गाव कुठे आलं? मी रत्नागिरीकडची दोन-चार नावं जुळवून पाहिली. वऱ्हाडातल्या माणसाला कोकणातलं कितीसं कळणार! नाही जमलं. मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्या आजीचा फोटो दाखवा की.

फोनमध्ये कच्छच्या रबारी बायका होत्या, लडाखचे मेंढपाळ होते, वारीतल्या म्हाताऱ्यांच्या टाचांच्या भेगासुद्धा होत्या. आणि आजीचा? सपरीत लावलाय तो. मतदान कार्डावरून मोठा करून घेतलेला. निवडणूकवाल्या शेषन साहेबांच्या वेळी शाळेत रांग लावून काढला होता, तिने डोळे मिटले म्हणून दोनदा. स्टुडिओवाल्याने मोठा करताना त्यावर जांभळा पदर रंगवून दिला. आजीने जन्मात जांभळं नेसलं नाही. आणि मी चार हाताच्या अंतरावरून तिला इतकी वर्षं पाहत होते, कॅमेरा गळ्यात घालून. तिचाही फोटो सरकारनेच काढला, माझ्याकडून झालं नाही.

बाबा, तुम्ही त्र्यंबकला गेला होता तेव्हा उपाध्यांच्या वहीत आबाजींचं नाव, गाव आणि अंगठा निघाला. घरी येऊन तुम्ही चार वेळा सांगितलं, “अंगठा पाह्यला बाप्पा, माह्या बापाचा.” चेहरा नव्हताच कुठे. तरी किती हरखला होता तुम्ही. त्या आजोबांचं तोंडही अगदी तसंच झालं होतं. म्हणून हो म्हटलं. अशी घरं फिरून तो जुना फोटो आणि आजची माणसं एकत्र घ्यायची आहेत. आत्ताच्या म्हाताऱ्यांना जे आठवतं ते पुढे कोणाला सांगता येणार नाही.

कच्छचं तुमच्या मनात येणारच. तुम्ही बोलत नाही, पण आई दर वर्षी त्या तिथीला माझ्याशी जरा कमी बोलते. मी थेट आजीची राख सावडायला पोचले, ते मीही विसरलेले नाही. म्हणून या वेळी सगळा हिशोब करून ठेवलाय. मॉरिशस ते मुंबई सहा तासांच्या आसपास, मुंबई ते नागपूर दीड तास, पुढे दादाची गाडी. कच्छमधल्या त्या रबारी वांढीवरून (वस्तीवरून) घरी यायला मला याहून जास्त वेळ लागला होता. घड्याळही फक्त दीड तास मागे. तुमची साडेआठची जेवणं आटोपतील तेव्हा तिकडे सात वाजलेले असतील, रोज फोन करीन.

राहायला एका मराठी घराची वरची खोली आहे. खाली म्हातारी सासू, तिला मराठी आरत्या पाठ आणि बोलायला क्रिओल. भात-वरण रोजचं आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, तेव्हा मोदक काही सुटणार नाहीत. तिखटाची पुडी बरोबर नेते. रोडगे मिळणार नाहीत, तेवढं सोसेन. लग्नाचं मात्र या पत्रावर बोलायचं नाही, ठरलंय आपलं.

आता डोळा. पट्टी काढली तो दिवस आठवून मला बसमध्येही हसू येतं. तुम्ही आईकडे बघत म्हणाला होता, “काऊन वं, हे लुगडं निळं हाय? मी त हिरवंच समजत होतो.” आणि आई म्हणाली, “आठ वर्सं झाले, आता दिसलं!” बाबा, पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग अडवतं. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात आकाश गडद यावं म्हणून आम्ही मुद्दाम पिवळा फिल्टर विकत घेऊन लावायचो. तुम्ही तो डोळ्यात फुकट घेऊन फिरत होता. आता तुम्ही एकेक डोळा झाकून निळं-हिरवं बघत बसता असं आई म्हणाली. ते बंद करा, डोळ्याला हात लावायचा नाही.

डावा डोळा दिवाळीनंतर. दादा सुट्टी काढणार आहे, डॉक्टरांशी मी बोलले आहे. ड्रॉपच्या बाटल्यांवर लाल आणि हिरवा दोरा बांधून देते. लाल चार वेळा, हिरवा दोन वेळा. डोक्यावरून पाणी नाही. चुलीपाशी बसून चहा नाही, चहा सपरीतच येईल. आणि फवारणी अजिबात नाही. २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसेक माणसं गेली, यवतमाळच्या दवाखान्यातून तुम्हीच त्या माणसांना पाहून आला होता. पंप दुसऱ्याच्या पाठीवर असला तरी वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं नाही. पऱ्हाटीला चार बोंडं कमी लागली तर लागू द्या.

आई, बीपीची गोळी शनिवारीही घ्यायची असते, उपासाला गोळी चालते. न्हाणीत दांडा बसवला तो धरायला आहे, टॉवेल वाळत घालायला नाही. पाण्याचा गंज उचलू नको, मावशी सकाळी येऊन भरून देतील, त्यांचे सात महिन्यांचे पैसे देऊन ठेवते. तू त्यांना चहाबरोबर दर वेळी पीठ-मीठ बांधून देशील ते वेगळं. सीतादहीच्या पूजेला वावरात गेलीसच तर धुऱ्यापर्यंत, बैलांच्या खासरावर चढायचं नाही.

मधेच एक आठवलं. १९९४ साली आपल्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावणार होते, तेव्हा बाबा, तुम्ही मला मोतीबागेच्या स्टेशनवर नेलं होतं, “जाताना पाहून घे” म्हणून. मला काहीच दिसलं नाही, वाफच वाफ. मी रडले. मग तुम्ही खांद्यावर घेतलं आणि तुमच्या टोपीला कोळशाचा वास येत होता. इंजिन आठवत नाही, टोपी आठवते.

गुरुवारी येते, चार दिवस. कॅमेरा आणते आहे. आई, शालू काढायचा नाही, तेच निळं लुगडं. बाबा, काळ्या चष्म्यात निघाला फोटो तर निघू द्या. आजीचा तो फोटो भिंतीवरून उतरवू नका, तो जांभळ्या पदरासकट मला तुमच्या मागे हवा आहे.

तुमची,
बेबी

ता. क. बस दारव्ह्याला किती वाजता लागेल याचा नेम नाही. स्टँडवर येऊन बसू नका, बाबा. बसलातच तर चष्मा लावून बसा.