भाभी, त्या अर्ध्या खजुरासाठी

वरच्या मजल्यावरच्या भाभींना,

हे तुमच्यासमोर बसून सांगायला गेले की माझा गळा दाटून येतो. ईदेच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "खा गो पयलीं" म्हणून विषय संपवलात. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

फेब्रुवारीच्या अखेरीस ह्यांना कामावर चक्कर आली. साखर ३४० निघाली. चार दिवस इस्पितळात काढून आम्ही घरी आलो आणि घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे आम्हाला पाठवलं होतं, त्यांनी मान वर न करता एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर किन्वा, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आम्ही फोंड्याची माणसं, उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि बांगड्यांवर वाढलेली. घरी काय शिजतं, कोण शिजवतं, मी पणजीहून किती वाजता परत येते, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. नातेवाइकांचं तर सांगूच नये. "दोघंही नोकरी करतात, मग बाहेरचंच येणार घरात," हे वाक्य मी माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच हातचा चहा पिणाऱ्या माणसांकडून तीनदा ऐकलं. एकीनेही म्हटलं नाही की आज डाळ मी लावते. चार महिने झाले, ते अजून सलतं.

आणि मग ती मार्चमधली संध्याकाळ. तुमचा रमजान चालू होता, शिगम्याचे ढोल लांबून ऐकू येत होते. बसमधून उतरून घरी आले तेव्हा ह्यांचा डोळा लागला होता, मुलगा मोबाइल बघत चिप्सचं पाकीट संपवत होता. मी कुकर चढवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्यात पाणी घातलंच नव्हतं. मला वासही आला नाही. वर तुम्हाला आला.

तुम्ही धावत खाली आलात, गॅस बंद केलात, खिडकी उघडलीत. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. वर तुमचं घर भरलेलं होतं, सगळे इफ्तारला बसलेले. तुम्ही परत जाल असंच मला वाटलं. पण तुम्ही माठातलं पाणी घेतलंत, तिथेच फरशीवर बसलात आणि माझा हात धरून मला खाली ओढलंत. वरून येताना हातातला खजूर तसाच मुठीत राहिला होता. तो तुम्ही मधोमध फोडलात, बी काढली आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवलात. मी म्हटलं, माझा कुठे रोजा आहे? तुम्ही म्हणालात, सकाळपासून तूही काही खाल्लं नाहीस, मग तुझाही रोजाच झाला.

दिवसभराच्या उपवासानंतर तोंडात जाणारा पहिला घास, आणि त्यातला अर्धा तुम्ही दिलात. त्या स्वयंपाकघरात मी चौदा वर्षं रांधते आहे, भाभी. तिथे खाली बसून काही खाल्लं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो अर्धा खजूर मी किती वेळ चघळत होते कोण जाणे. तुम्ही पाणी तीन घोटांत, मध्ये श्वास घेत प्यायलात, आणि माझं रडणं थांबेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

रात्री तुमची मुलगी वाडगाभर तलबीना घेऊन आली. जवाच्या पिठाची दुधातली ती खीर. दुःखात असलेल्याच्या जिवाला तिने आराम पडतो असं पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगत, हे तुम्ही नंतर सांगितलंत. ह्यांच्यासाठी त्यात मध घातला नव्हता. एवढं लक्षात ठेवणारं माणूस त्या महिन्यात मला दुसरं भेटलं नाही.

पुढचं सगळं तुम्ही कामाच्या ओघात शिकवलंत, शिकवते आहे असं न भासवता. सकाळी निघताना मूग किंवा चणे भिजत टाकायचे. खोबरं रविवारीच किसून ठेवायचं. बांगडे आणले की लगेच साफ करून हळद, मीठ आणि आमसुलाचा कोळ लावून ठेवायचे, मग तव्यावर थोड्या तेलात दहा मिनिटांत होतात. मुगाच्या डाळीची खिचडी, बाजूला तांबडी भाजी, ताक. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासात जेवण तयार असतं आता. तुमच्याकडे आठ माणसांचं होतं, मला तिघांचं का जमू नये?

पण रांधणं भरभर आणि जेवणं सावकाश, ही गोष्ट खरी तुमची. मी उलटं करत होते. "पयलीं बस, मागीर वाड," आधी बस, मग वाढ, हे तुम्ही मला इतक्यांदा म्हणालात की आता मुलगाही म्हणतो. हॉलमध्ये जुनी चादर अंथरतो, तुम्ही तिला दस्तरखान म्हणता म्हणून आम्हीही म्हणतो. टीव्ही बंद. तुम्ही बिस्मिल्ला म्हणता, आम्ही हात जोडून चित्राहुती घालतो. माझे आजोबा घालत, मध्ये कधी सुटलं ते कळलंही नव्हतं.

पोटाचा तिसरा हिस्सा अन्नाला, तिसरा पाण्याला, तिसरा श्वासाला, हे पैगंबरसाहेबांचं सांगणं ह्यांनी तुमच्याकडून ऐकलं आणि दुसऱ्यांदा भात घेणं थांबवलं. त्या छापील कागदाला जे जमलं नाही ते या एका वाक्याला जमलं. औषधं चालूच आहेत, डॉक्टरांकडे जाणंही चालू आहे, पण उपाशीपोटीची साखर आता १३० च्या आत-बाहेर असते. ह्यांनी उत्साहाने एक रोजा धरायचं म्हटलं तेव्हा तुम्हीच दटावलंत, की आजाऱ्याला कुराणातच सूट आहे. तुमच्या सासूबाई साखरेमुळे रोजा धरत नाहीत, त्याऐवजी गरिबाला जेवू घालतात. आणि मुलगा भाजीला नाक मुरडायला लागला की त्याला तुम्ही, त्याच्या चाचीने, सांगितलेलं आठवतं: पैगंबरांनी कधी अन्नाला नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं. तो ताटात राहू देतो खरा, पण नाव ठेवत नाही.

तुमचा सालन एवढा पातळ का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रस्सा करताना पाणी वाढव आणि शेजाऱ्याची आठवण ठेव, असं सांगून ठेवलंय. मला त्या प्रश्नाची आजही लाज वाटते. आमच्यासाठी वाटीभर निघावा म्हणून ते पाणी होतं.

साफा मशिदीवरून माझी बस रोज जाते. देवळातल्या पंगतीत मी लहानपणापासून जेवले आहे, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून. तरी माणसाने माणसाजवळ बसणं म्हणजे काय ते मला तुमच्यामुळे कळलं. चांगली माणसं मोठं काही करत नाहीत. ती निघून जात नाहीत, एवढंच. बाकीचे सगळे सांगून निघून गेले, भाभी. तुम्ही बसलात.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आहे, ताजं नुस्तं, म्हणजे मासे, मुबलक मिळतील ते ३१ जुलैनंतरच. म्हणून या रविवारी फणसाच्या बिया घालून तायकिळ्याची भाजी आणि कुळथाचं सार करते आहे. सगळ्यांना घेऊन खाली या, सासूबाईंनाही. मुलाने चादर आत्ताच काढून ठेवली आहे. साराला पाणी थोडं जास्त घालीन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची