उलटी झारी

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दोघांनी परसदारी भाजीपाला लावायचे ठरवल्याचे कळले आणि सोबतची यादीही वाचली. अकरा भाज्या आणि चार वाफे! आमच्या पहिल्या हंगामाच्या यादीत चौदा भाज्या होत्या आणि त्यांपैकी हाती लागल्या त्या पाच. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नाही. मात्र चुकांचा हिशेब मी नीट ठेवला आहे, तो कळवते.

जागा निवडताना उन्हाकडे पाहा. टोमॅटो, मिरची, काकडी यांसारख्या फळभाज्यांना दिवसातून सहा ते आठ तास थेट ऊन हवे असते. पालेभाज्या त्याहून कमी उन्हातही भागवून घेतात. आम्ही पहिला वाफा भिंतीच्या कडेला केला, कारण तिथली माती खणायला मऊ लागली. ती मऊ का होती, तर दुपारनंतर तिथे ऊनच पोहोचत नसल्यामुळे ओल टिकून राहत होती, आणि हे आमच्या ध्यानात आले तेव्हा टोमॅटोची रोपे उन्हाच्या शोधात गुडघाभर उंच आणि काडीसारखी बारीक झाली होती. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि माती पायाखाली तुडवली जात नाही. असे दोन वाफे या हंगामाला पुरेत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पाणी. आमचे सर्वाधिक नुकसान किडीने केले नाही, ते आम्हा दोघांच्या मायेने झाले. मी पहाटे उठून रोपांना पाणी घालत असे. तुझे बाबा चहा झाल्यावर परसात जात आणि माती वरून कोरडी दिसली की पुन्हा झारी भरत. दोघांनाही वाटे की हे काम आपणच करतो आहोत. एके सकाळी पाहिले तर टोमॅटोची निम्मी रोपे आडवी पडलेली होती. एक रोप उचलून मी डोळ्यांजवळ धरले. पाने हिरवी आणि टवटवीत होती, पण खोड मातीला टेकते नेमके तिथेच पिचून, भिजल्या दोऱ्यासारखे झाले होते. सतत ओल्या राहणाऱ्या मातीत बुरशी माजते आणि कोवळ्या रोपांना अशी कोलमडवते. त्यावर औषध शोधण्यात आम्ही दोन दिवस घालवले, पण एकदा कोलमडलेले रोप उभे राहत नाही.

त्यानंतर आम्ही सावध झालो आणि दुसऱ्या टोकाला गेलो. आता प्रत्येकाला वाटू लागले की दुसऱ्याने पाणी घातलेच असेल. तीन-तीन दिवस वाफा कोरडा राही, मग घाबरून आम्ही तो तुडुंब भरत असू. वाचलेल्या रोपांना पहिले टोमॅटो लागले, तेव्हा त्यांच्या तळाशी, जिथे फुलाचा भाग गळून पडतो तिथे, चामड्यासारखा काळा डाग दिसू लागला. बाबांनी हा रोग ठरवला आणि कुठे तरी वाचून, फळाला कॅल्शियम कमी पडते म्हणून मातीत अंड्याची टरफले चुरून घातली. निदान अर्धे बरोबर होते. कॅल्शियम खरोखरच कमी पडत होते, पण मातीत त्याची वाण नव्हती. ते पाण्याबरोबरच मुळांतून वर चढते आणि पाण्याचाच नेम नसल्यामुळे फळापर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. शिवाय टरफले कुजायला इतका काळ लागतो की त्या हंगामात त्यांचा उपयोग झाला नसताच.

यावर उपाय निघाला तो झारीचाच. पाणी घालणाऱ्याने झारी पायरीवर उलटी ठेवायची आणि संध्याकाळी ती सरळ करून ठेवायची, एवढेच ठरले. पाणी घालण्यापूर्वी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे आणि तिथे ओल लागली तर झारी भरायचीच नाही, हेही ठरले. रोज वरवर शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी खोलवर भिजेल असे पाणी दिले आणि वाफ्यावर दोन इंच वाळक्या पाल्याचे आच्छादन केले, तेव्हा पुढच्या तोड्यापासून काळे डाग कमी होत गेले.

मुळ्याची गोष्ट थोडक्यात सांगते. बी दाट पडले आणि उगवलेली रोपे उपटायला माझा जीव होईना. विरळणी न केल्यामुळे पाला भरपूर मिळाला आणि खाली मुळे मात्र शिसपेन्सिलीएवढी राहिली. दोन रोपांत चार बोटांचे अंतर ठेव आणि उपटताना हळवी होऊ नकोस.

बाबांचा एक अपराध मी अजून विसरलेले नाही. घेवड्याच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला होता आणि त्यात काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्या मगरीसारख्या अळ्या फिरत होत्या. बाबांनी त्या वेचून चिरडल्या आणि पराक्रम म्हणून मला बोलावून दाखवल्या. त्या ठिपकेदार लेडीबर्ड किड्याच्या अळ्या होत्या आणि मावा खाण्यासाठीच तिथे आल्या होत्या. त्यामुळे एखादा किडा ओळखता येत नसेल तर निदान एक दिवस त्याच्याकडे नुसते पाहत बसा. मावा तर पाण्याच्या जोरकस फवाऱ्यानेही बराचसा धुऊन जातो.

भोपळ्याच्या वेलाला पहिली फुले आली आणि एकेक गळून पडली तेव्हा मी खूप चिडले होते. आधी येतात ती बहुधा नरफुले असतात. मादीफुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो. ही फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, म्हणून मधमाश्या फिरकत नसतील तर नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातला पिवळा पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा लागतो. हे काम आम्ही दोघांनी मिळून केले, मी मादीफूल धरून आणि त्यांनी चष्मा सावरत, आणि त्या वेलाला तीन भोपळे धरले.

हंगाम संपल्यावर घेवडा मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. जिवंत वेलाची एखादी गाठ नखाने फोडून पाहा, आत गुलाबी दिसली म्हणजे तिचे काम चालू आहे. टोमॅटोच्या जागी पुढच्या वेळी वांगी किंवा मिरची लावू नका. ती एकाच कुळातली असल्यामुळे रोगही एकमेकांचे घेतात.

पाकिटात घेवड्याचे बी ठेवले आहे. या फुलांत परागीभवन बहुधा आतल्या आत होते, म्हणून बी मूळ जातीसारखेच निपजेल. भोपळ्याचे बी मुद्दामच पाठवत नाही, कारण त्याच्या फुलांवर कुठकुठल्या मधमाश्या येऊन गेल्या हे मला ठाऊक नाही. घेवडा वाफसा आल्यावर, म्हणजे मातीचा चिखल ओसरून ती नुसती ओलसर राहिली की, एक इंच खोल पेर आणि उगवेपर्यंत माती उकरून पाहू नकोस. बाबांनी पाहिली होती.

तुझी,
आई